बेचाळीस बरण्या आणि आंबेमोहराची खळ

पिराजी मरगळ्यांच्या हातून तीस वर्षांत एकही बरणी फुटली नव्हती, आणि हे ते भेटेल त्याला ऐकवत. उरवड्याजवळच्या एका कॉलेजात ते प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेचे शिपाई. शिक्षण सातवी. पण बेचाळीस बरण्यांतला प्रत्येक बिनकण्याचा जीव त्यांच्या घरोब्यातला. निवृत्तीला महिना राहिला होता आणि निष्कलंक बाहेर पडायचं, एवढीच त्यांची हौस होती.

रंगकामासाठी दोन महिने कपाटात कोंडलेल्या बरण्या त्यांनी प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी बाहेर काढल्या. एकाही बरणीवर लेबल धड नव्हतं. कुठं नुसतं ‘सं’ उरलेलं, कुठं चतकोर पिवळा कपटा. तेवढ्यात एक चंदेरी कसर सुळकन फळीमागं पळाली. बिनकण्याच्या प्राण्यांची नावं त्यांच्याच एका भाऊबंदानं खाल्ली होती!

प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या गौतमी मॅडमचा चेहरा पडला. नोकरीचं पहिलंच वर्ष, आणि उद्या पुण्याहून येणारी परीक्षक बाई नोंदवही घेऊन बरणी न् बरणी ताडून बघणार. वहीत सगळं होतं, नाव, ठिकाण, साल. पण कुठली नोंद कुठल्या बरणीची, ते सांगणारा नंबर लेबलावर होता आणि लेबल कसरीच्या पोटात.

“मॅडम, चूक माजी हाय,” पिराजी म्हणाले. “दिवाळीत म्या नवी लेबलं लावली. डिंक वाळला व्हता, म्हनून मंडळीकडनं खळ शिजवून आनली. आंबेमोहराची. कसरीचा काय दोष? तिला मी पंगतच वाढली की.”

गौतमी मॅडम रडायच्या बेतात होत्या, त्यांना हसू फुटलं.

मग दोघं कामाला लागली. मॅडमनी बरण्या टेबलावर संघवार मांडल्या: रंध्रीय, चपटे कृमी, गोलकृमी, वलयी, संधिपाद, मृदुकाय, कंटकचर्मी. एक सुकलेली तपकिरी वळकटी त्यांनी घाईत कृमींत ठेवली. पिराजी खाकरले.

“ती तारामाशाची भन. समुद्रकाकडी. दर साली पोरं तिला किडा म्हनत्यात आन् मार्क घालवत्यात.”

मॅडमनी जीभ चावली आणि बरणी कंटकचर्मींत हलवली.

खरी पंचाईत मृदुकायांत होती. तीन गोगलगायी, दिसायला सख्ख्या बहिणी. पिराजींनी एकेक बरणी उजेडाला धरली. “ही नदीतली. ही विहिरीतली. आन् ही कोळवणच्या खाचरातली. हिच्यातनंच त्यो चपटा किडा गवतावर येतोय आन् मेंढीत जातोय. तितं चारली की मेंढीचा जबडा सुजलाच.”

“आणि हा चपटा किडा?”

“आमच्या बांड्या मेंढीच्या काळजातला. लई गुणाची व्हती बिचारी.”

“हे सगळं तुम्हाला कसं ठाऊक, मामा?”

“म्याच आनलं न्हाई का! सरांनी मागायचं, म्या धरून आनायचं.”

मॅडमनी वहीचा शेवटचा रकाना पाहिला. ‘संकलक’ या शब्दाखाली पानोपान आधीचे प्राध्यापक बंडोपंत सरांचं नाव. त्यांनी पेन उचललं आणि नव्या लेबलाच्या खालच्या ओळीत लिहिलं, ‘संकलक: पिराजी मरगळे’. पिराजींनी लेबल वाचलं आणि हात जोडले.

“न्हाई, न्हाई! चूक बी माजी आन् नाव बी माजंच? लोक हसतील.”

“खरं तेच लिहिते. समुद्रातले सात मात्र तुमचे नाहीत.”

“आमी कधी समुद्रच बघितला न्हाई,” पिराजींनी प्रामाणिकपणे कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी परीक्षक नलिनीबाई आल्या. गंभीर बाई. चष्मा सावरत पाच-सहा बरण्या वाचल्या आणि वही बघून विचारलं, “हे पिराजी मरगळे कोण?”

पिराजी पुढं झाले. “म्या. लेबलं खाल्ली गेली ती बी माज्यामुळंच.” आणि खळीची सगळी कथा त्यांनी सांगून टाकली. शेवटी खिशातून एक इवलीशी बाटली काढून टेबलावर ठेवली. आत कसर. लेबलावर त्यांच्याच वळणदार अक्षरात: ‘संघ संधिपाद. पाय सहा. ठिकाण: हेच कपाट. खाद्य: आंबेमोहर.’

बाई इतक्या मोठ्यानं हसल्या, की बाहेर घामाघूम उभी असलेली मुलंही हसू लागली. वहीत त्यांनी त्रेचाळिसावी नोंद केली आणि तिन्ही गोगलगायी पिराजींकडून समजून घेतल्या, त्यांना खुर्चीवर बसवून. मग वहीच्या ‘संकलक’ रकान्यातली पस्तीस नावं त्यांनी लाल शाईनं दुरुस्त केली.

संध्याकाळी पिराजींनी घरी चपट्या किड्याच्या बरणीचा मोबाईलवरचा फोटो भागूबाईपुढं धरला. त्या निरक्षर. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला हाक मारायची तर ‘अवं, ऐकलं का’, आणि नाव कधी घेतलंच तर उखाण्यात.

“किडा हाय जनू,” त्या म्हणाल्या. मग खालच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. रेशनकार्डावरची ती अक्षरं त्या नुसत्या पाहून ओळखत. बोट हळूहळू सरकलं आणि उखाण्याबिगर, भर अंगणात, शेजारीण बघत असताना, भागूबाईंनी मोठ्यानं वाचलं:

“पिराजी.”