क्लस्टरची शेवटची ओळ

बियरला वास आणि कडवटपणा देणाऱ्या हॉपच्या फुलांतल्या सिट्रा या जातीला लोकांनी उगाच डोक्यावर घेतलंय, असं अमेरिकेतल्या याकिमा खोऱ्यात मोठ्याने म्हणायला छाती लागते. ओडील गार्नो ते चर्चच्या पायऱ्यांवर उभी राहून म्हणायची. रविवारची प्रार्थना संपवून माणसं बाहेर पडत असायची, त्यातल्या निम्म्यांच्या शेतात सिट्राच उभा. आणि ही बाई शाळेची बस चालवून कमावलेल्या आवाजात सांगायची, "जत्रेत अत्तरवाल्याची बाटली अंगावर सांडली की जसा वास येतो ना, तसा तुमचा सिट्रा. पहिला घोट झकास. दुसऱ्या ग्लासाला डोकं धरतं."

"मग तू तिसरा पीत जा," कोणीतरी म्हणायचं.

"तिसऱ्याला तुझी बायकोही बरी दिसायला लागेल. त्यासाठी नाही पीत मी."

अशी ती. तिचं लग्न झालं नव्हतं, आणि त्याबद्दल विचारायची कोणाची हिंमत नव्हती. गॅरेजमध्ये गाडीच्या जागी मोठं पातेलं, शेगडी, पिंपं आणि उलट्या टांगलेल्या बाटल्या. घरची बियर करणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत, पण ते यंत्राकडे बघून बियर करतात. ओडील नाकाने करायची. हॉपचं वाळलेलं फूल दोन्ही तळव्यांत चुरडायचं, पिवळी भुकटी हाताला चिकटली की तळवे नाकाशी धरायचे आणि डोळे मिटायचे. हे इथे सगळेच करतात. ओडील मात्र दुसऱ्याचे हात धरून त्यांत फूल चुरडायची. "हुंग. बोलू नकोस. आधी हुंग."

माझी तिची ओळख भांडणातून झाली. हॉपचे वेल चढवतात त्या तारांखालीच मी वाढले, आई वेल बांधायच्या कामाला होती. शाळा फार झाली नाही. कायदा शिकले तो सार्वजनिक वाचनालयात बसून, आणि फवारणीचा ट्रॅक्टर मजुरांच्या अंगावर औषध उडवत गेला की मालकाच्या अंगणात ठाण मांडायला कोणाकडून शिकावं लागलं नाही. शेतमालकांना मी नकोशी. ओडील शेतमालकांच्या घरातली, तिच्या पुतण्याच्या दारातही मी बसले होते. ती बाहेर आली, माझ्या हातात बाटली ठेवली आणि म्हणाली, "रेमे, घसा कोरडा पडलाय तुझा. हे पी, मग शिव्या दे. त्या दे मात्र, त्याला गरज आहे."

त्या बाटलीत फगल होता. जुना इंग्रजी हॉप. ओल्या लाकडाचा, मातीचा वास. आज त्याला कोणी विचारत नाही, कारण त्यात आंबा नाही, अननस नाही. माझं स्पष्ट मत आहे: ज्यांना बियरमध्ये आंबा हवा त्यांनी आंबा खावा. नव्या जातींतल्या एका हॉपला तर नारळाचा वास येतो, समुद्रावर अंगाला चोपडायचं तेल प्यायल्यासारखं वाटतं. वर यातल्या कित्येक जातींवर कंपन्यांची मालकी. मूळ विकत मागितलं तर मिळत नाही. माझ्या अंगणातल्या मातीत काय लावायचं हे दुसराच ठरवणार. कॅस्केड या हॉपचं वेगळं. त्याला आधी नको इतकं डोक्यावर घेतलं आणि मग नको इतकं खाली टाकलं. बिचारा होता तिथेच आहे.

पण ओडीलचा जीव अडकला होता क्लस्टरमध्ये.

क्लस्टर म्हणजे आमच्या आज्यांच्या वेळचा हॉप. पूर्वी अख्खं खोरं क्लस्टरचं होतं. कडवट, रांगडा, काळ्या मनुकांसारखा, आणि नावं ठेवणारे म्हणतात मांजराच्या मुतासारखा. तिचा पुतण्या थॅड याच्या शेतात कालव्याकडेला क्लस्टरची एकच ओळ उरली होती. ओळीच्या टोकाला दगडी चौथरा. तिथे एके काळी गार्नोंचं वाळवणघर होतं, हॉप वाळवायची भट्टी. ते जळालं आणि त्यात ओडीलचा भाऊ रोझेर गेला. रोझेर म्हणजे थॅडचा बाप. थॅड तेव्हा पाळण्यात होता.

त्या ओळीत ओडील दर हंगामात जायची आणि दर हंगामात मला विचारायची, "वास येतोय का तुला? जळका?"

"हंगाम आहे, ओडील. खोऱ्यातल्या सगळ्या भट्ट्या चालू आहेत. गरम हॉपचा वास सगळीकडेच आहे."

"गरम नाही विचारलं. जळका."

मला कधी आला नाही. मी तसं सांगायचे आणि ती मान हलवायची, जणू तिला तेच ऐकायचं होतं.

त्या वर्षी उन्हाळ्यात थॅडने सांगून टाकलं. "आत्या, वसंतात ती ओळ काढतोय. तिथपर्यंत सिट्रा नेणार."

"तुझ्या बापाची ओळ आहे ती."

"बापाचं मला काही आठवत नाही. ओळ आठवते. लहानपणापासून तुम्ही सगळे तिच्याकडे बघून गप्प होता, ते आठवतं."

ओडील चिडली की हळू बोलायची. ती हळूच म्हणाली, "मंडळाच्या चाखणीला येशील? डोळे झाकून चाखायचं. माझा क्लस्टर तळाला गेला तर खुशाल उपट. नाही गेला तर ओळ राहील."

थॅड हसला. "तळालाच जाईल, आत्या."

"मग घाबरतोस कशाला?"

आमच्या घरबियर मंडळाची ही जुनी रीत आहे. हंगाम सरला की एकाच मोठ्या पातेल्यात माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचा, काढा उकळायचा, बिनहॉपचा. प्रत्येकाने आपापली बादली भरून न्यायची आणि घरी त्यात एकच हॉप घालायचा, आपल्या पसंतीचा. काढा तोच, यीस्ट तेच. मग बियर तयार झाली की सगळ्यांनी जमून चाखायची, कोणाची कुठली हे न सांगता. हॉपबद्दल वर्षभर केलेल्या बढाया त्या दिवशी उघड्या पडतात.

क्लस्टर तोडायला मी तिच्याबरोबर गेले. ऊन मी म्हणत होतं. वेल खाली ओढून आम्ही फुलं हाताने खुडत होतो आणि काटेरी देठांनी मनगटं लाल झाली होती. चौथऱ्याजवळचा शेवटचा वेल आला. खुडताना तिने दोनदा मागे वळून पाहिलं. मागे कालवा होता आणि कोणी नव्हतं.

"कोण आहे?" मी विचारलं.

"कोणी नाही. खुड तू."

चाखणी वेंडेलच्या गोदामात झाली. वेंडेल खिळे-हातोड्या विकतो आणि सिट्राचा भक्त आहे. काढाही त्यानेच उकळला होता. ग्लासांवर खडूने आकडे घातले होते आणि कोणता आकडा कोणाचा ते फक्त त्याच्या बायकोला माहीत. चीज होतं, सॉसेज होतं, बाहेर स्वच्छ दुपार होती. थॅड दाराजवळ उभा, हात खिशात.

पहिले ग्लास चेष्टेत गेले. "हा आंबा." "हा साबण." "हा कुणाचा, देवा, हा तर गवत कापायच्या यंत्राचा डबा!" कोणीतरी म्हणालं आता ओडीलची मांजर येईल, तशी वेंडेल म्हणाला, "मांजर पाळायची तर दूध पाजावं. बियर कशाला?"

"तुझ्या दुकानातल्या उंदरांसाठी," ओडील म्हणाली.

पुढचा ग्लास फिरला आणि हसणं थांबलं. मी घोट घेतला. कडू, काळ्या मनुका, आणि मागून धूर. शेकोटीचा चांगला धूर नव्हता तो. ओलं पोतं जळतं तसला.

"हे धुरावर वाळवलेलं माल्ट कोणी घातलं?" वेंडेल म्हणाला. "नियम काय आहे? काढा सगळ्यांना एकच."

"तुझ्याच काढ्यात असेल," मागून कोणीतरी बोललं.

"माझ्या काढ्यात एक दाणा धुरावलेला नाही! बाकीचे ग्लास चाखा."

चाखले. धूर कशातच नव्हता. वेंडेलच्या बायकोने हळूच ओडीलकडे पाहिलं आणि सगळ्यांना कळलं.

"ओडील, या वयात लबाडी?"

माझं डोकं फिरलं. "वेंडेल, तोंड सांभाळ. फुलं मी खुडलीत तिच्याबरोबर. बादलीत फुलं पडताना मी तिथे उभी होते. दुसरं काही घातलं नाही तिने. शपथ घालायचीय? घाल."

पण ओडील आमच्या दोघांकडेही बघत नव्हती. ती एकेकाच्या तोंडाकडे बघत होती.

"तुम्हाला येतोय?" ती म्हणाली. "सगळ्यांना येतोय? रेमे, तुलासुद्धा?"

मी हो म्हणाले. खोटं बोलता आलं असतं. सुचलं नाही.

थॅडने आपला ग्लास रिकामा केला आणि पुन्हा भरला. दुसरा ग्लास संपवून तो म्हणाला, "मी याला वर ठेवतो." बाकीच्यांनीही नाइलाजाने कागदांवर आकडे लिहिले. कोणी वर ठेवली, कोणी मध्ये. तळाला कोणीच नाही. तळाला वेंडेलचा सिट्रा गेला. एरवी मी त्यावर आठवडाभर हसले असते.

"ओळ राहील, आत्या," थॅड म्हणाला.

"नको."

"काय नको?"

"काढ ती. मुळापासून काढ."

ती खुर्चीवर बसली, आणि इतक्या वर्षांत कोणाला न सांगितलेलं तिने तिथे, सॉसेजच्या बशांसमोर सांगितलं. ते वाळवणघर पेटलं तेव्हा सुगीचा नाच होता. रोझेर नाचाला गेला असं सगळ्यांनी धरून चाललं, कारण त्याचा चांगला सदरा खिळ्यावर नव्हता. माणसं धावली, बादल्या आल्या, ट्रॅक्टर ओढून बाहेर काढला, हॉपची पोती काढली. रोझेर वरच्या मजल्यावर पोत्यांवर झोपला होता, चांगला सदरा घालून. वाळत्या हॉपच्या वासाने गुंगी येते, सगळ्यांनाच येते. जरा पडतो आणि मग जातो, असं म्हणाला असेल.

"त्याला कोणी हाकच मारली नाही," ओडील म्हणाली. "बापाने नाही, मी नाही. ट्रॅक्टर, ट्रॅक्टर म्हणून ओरडलो. इतकी वर्षं तो वास मला यायचा, तर मला वाटायचं, माझ्याच नाकात बसलाय. माझं पाप, माझ्या नाकात. ते चालत होतं मला. पण तुम्हाला सगळ्यांना येतोय म्हणजे तो माझ्यात नाही. तो तिथेच आहे. अजून निजलाय, आणि मी त्याच्यावर वेल चढवून ठेवलेत."

वेंडेलने टोपी काढली.

हे सगळं मनाचे खेळ, असं म्हणणारे नंतर भेटले. क्लस्टर रांगडा असतो, कधी असा लागतो, असंही एकाने समजावलं. असेल. मी क्लस्टर आधीही प्यायले होते, नंतरही प्यायले; तसला धूर कशातच नव्हता. मला विचाराल तर या खोऱ्यात सगळ्यांत कमी लेखलेला हॉप तोच आहे, आणि तो मी घरी आणत नाही.

मार्चमध्ये जमीन मऊ झाल्यावर थॅडने खोदायचं यंत्र आणलं. मुळं म्हणजे माणसाच्या दंडाएवढी लाकडं. एकेक निघताना जमीन हलायची. ओळीच्या टोकाचं मूळ चौथऱ्याखाली गेलं होतं. यंत्राचा दात दगडाखाली घुसला तशी ओडील पुढे झाली आणि तिने हात वर केला. थॅडने इंजिन बंद केलं. कालव्याला अजून पाणी सोडलेलं नव्हतं, कसलाच आवाज नव्हता.

"रोझेर!" ती ओरडली. बसमधल्या पोरांना दरडावायची त्याच आवाजात. "ए रोझेर, ऊठ! आग लागलीय. बाहेर ये!"

ती ओरडतच राहिली. मग थॅड यंत्रावरून उतरला, तिच्या शेजारी उभा राहिला. त्याने आधी घसा साफ केला. ज्या माणसाला कधी हाक मारली नाही त्याला काय म्हणायचं, हे त्याला कळत नसावं.

"बाबा," तो म्हणाला. मग मोठ्याने, "बाबा, चला!"

जळक्या पोत्यांचा वास आला आणि तो आम्हा तिघांनाही आला. थॅड वळून यंत्राकडे जायला निघाला, तर ओडीलने त्याचा दंड धरला.

"थांब जरा," ती म्हणाली. "त्याला बूट घालायला वेळ लागतो."