गडाच्या वाटेवरची वही

माहुली गडाच्या पायथ्याला आमचं गाव, आणि गावात आमचं घर सगळ्यात शेवटचं. घराच्या पुढे देऊळ, देवळापुढे ओढा आणि ओढा ओलांडला की गडाची वाट. नव्वद सालानंतर मुंबईची माणसं रविवारी ही वाट चढायला येऊ लागली. पाठीवर पिशव्या, पायात बूट. आसनगावला गाडीतून उतरून बरेचसे चालतच यायचे. माझ्या सासूला त्यांचं हसू यायचं. लाकडं आणायची नाहीत, चुकलेलं वासरू शोधायचं नाही, मग ही माणसं डोंगरावर जातात कशाला, असं ती प्रत्येक रविवारी विचारायची.

मला मात्र ती माणसं आवडली. मी सापगावची, नदीकाठची, दहावी पास झालेली. लग्न होऊन इथे आल्यापासून भात, गुरं आणि पाहुणे यांच्यापलीकडचं माझ्याशी कुणी बोललं नव्हतं. मी त्यांना पाणी देऊ लागले, मग चहा, आणि आधी सांगून ठेवलं तर पिठलं-भाकरी. 'चहा व जेवण मिळेल' असं पुठ्ठ्यावर सुबक अक्षरात लिहून दारावर मीच टांगलं. डोंबिवलीच्या शाळेतल्या एक बाई दोन-तीन महिन्यांतून एकदा यायच्या. पन्नाशीच्या, आखूड कापलेल्या केसांच्या. त्यांना माझं अक्षर फार आवडलं. पुढच्या खेपेला त्यांनी एक जाड वही आणली आणि येणाऱ्या प्रत्येकाकडून हिच्यात दोन ओळी लिहून घ्या म्हणाल्या. पहिल्या पानावर त्यांनीच लिहिलं, 'वहिनींच्या चहाने सगळा शीण गेला.' ते पान मी इतक्या वेळा उघडलं की त्याचा कोपरा मऊ पडला.

मग धाकट्या दिराचं लग्न झालं. जाऊ मुरबाडकडची, नाणेघाटाखालच्या एका पाड्यावरची. काटकुळी, माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान, शाळेचं तोंडही न पाहिलेली. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. दिराचं शिक्षण सही करण्यापुरतं, माझ्या नवऱ्याला वाशिंदच्या कारखान्यातल्या पाळ्यांमधून वेळ नाही. घरात वाचणारी मी एकटीच होते आणि एकटीच राहणार होते.

त्याच वर्षी दिवाळीनंतर पाच कॉलेजची मुलं गडावर गेली आणि ऊन उतरलं तरी परत आली नाहीत. ओढ्यापाशी वाट फुटते. उजवीकडची पायवाट धबधब्याकडे जाते आणि पुढे कारवीच्या झुडपांत हरवते. ती मुलं तिकडेच गेली असणार, हे आम्हाला कळत होतं. घरात पुरुषमाणूस नव्हता. मी गावात कुणाला बोलवावं याचा विचार करत होते, तेवढ्यात जावेने साडी खोचली, कोयता घेतला आणि ओढा ओलांडून दिसेनाशी झाली. दिवेलागणीला ती पाचही जणांना घेऊन आली. एकाचा पाय मुरगळला होता, त्याला तिने खांद्याचा आधार दिला होता. त्या मुलांनी चहा घेतला आणि वहीचं अख्खं पान भरून लिहिलं.

मुलं गेल्यावर जावेने मला विचारलं, "काय लिवलंय, बाय?"

मी पान वाचलं होतं. आमचा जीव या धाकट्या वहिनींनी वाचवला, असं सुरुवातीलाच होतं. पुढे सगळं तिचंच. मी म्हणाले, "भाकरी चांगली होती म्हणतात."

"एवढं सगळं भाकरीचंच?"

"आणि इथली हवा चांगली आहे, असं."

तिने मान हलवली आणि ती कपबशा धुवायला गेली. ते इतकं सहज झालं की मीच घाबरले. पण पुढच्या रविवारी मी पुन्हा तसंच केलं.

कारण त्यानंतर सगळे तिलाच विचारू लागले. अंगणात पाय ठेवल्याबरोबर, त्या दुसऱ्या वहिनी कुठे आहेत? ती माणसं माझ्या हातचा चहा प्यायची आणि तिच्या मागोमाग निघून जायची. संध्याकाळी उतरली की वहीत लिहायची. या वहिनी गवत बघून खाली पाणी आहे का ते सांगतात. यांनी आम्हाला दगडावरचा घोरपडीचा माग दाखवला. गडाच्या लोखंडी शिडीवर माझे पाय लटपटले तेव्हा या खालून माझी टाच धरून चढल्या. मी ते सगळं एकटीने वाचायचे आणि तिला हवा, भाकरी, गडाचा इतिहास असलं काहीबाही सांगायचे. कधीकधी तर तिचं कौतुक माझ्या नावावर करायचे. वहीत नुसतं 'वहिनी' लिहिलेलं असायचं, ते मला सोयीचं होतं. "वहिनी फार हुशार आहेत असं लिहिलंय," मी म्हणायचे आणि ती माझ्याकडे बघून मनापासून हसायची. तिला ते पटायचं. तिचं ते हसू मला सहन व्हायचं नाही.

मी स्वतः गडावर कधी गेले नव्हते. उंचावर माझे डोळे फिरतात. मला तिच्या पायांचा राग यायचा. भेगाळलेले, पुढची बोटं फाकलेले पाय. दिवसभर गड चढून आली तरी ते थकायचे नाहीत, आली तशी ती गुरांचं बघायला जायची.

मग मला एक युक्ती सुचली. डोंबिवलीच्या बाईंना मी म्हणाले की, दर वेळी डोंगरच कशाला चढता, एकदा माझ्या माहेरी भातसा नदीवर या. त्या सहा जणांना घेऊन माघातल्या एका रविवारी आल्या. जाऊ हौसेने निघाली होती, पण सासूपाशी कुणीतरी हवं असं सांगून मी तिला मागे ठेवलं. भावाच्या घरी वालाची उसळ आणि तांदळाच्या भाकऱ्या केल्या, डबे घेऊन आम्ही काठाने चालत गेलो. पाणी स्वच्छ होतं, करंजाची दाट सावली होती. पाहुण्यांनी बूट काढून पाण्यात पाय सोडले. वर धरण आहे, तिथलंच पाणी तुमच्या मुंबईच्या नळाला जातं, असं मी त्यांना सांगितलं. ते त्यांना ठाऊक होतं. एकाने समोरच्या दरडीवरचा पक्षी दाखवून नाव विचारलं. मला येईना. दुसऱ्याने पाण्यातल्या वेलीचं नाव विचारलं. तेही येईना. अठरा वर्षं मी त्या काठावर काढली होती, कपडे धुतले होते, भांडी घासली होती, पण वर मान करून काही पाहिलं नव्हतं.

जेवण झाल्यावर बाई मला म्हणाल्या, "जागा सुंदर आहे हो तुमची. पण जाऊबाईंना का नाही आणलंत? त्या असत्या तर मजा आली असती."

मी हसले आणि डबे आवरायला घेतले. घरी पोचल्यावर जावेने दारातच विचारलं की पाहुण्यांना नदी आवडली का. फार आवडली, मी म्हणाले आणि तिच्या अंगावरून आत गेले.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात गावात प्रौढ बायकांसाठी साक्षरतेचा वर्ग सुरू झाला. शिकवायला दहावी झालेली बाई हवी होती, म्हणजे मीच. देवळाच्या मंडपात संध्याकाळी कंदील लावून आम्ही बसायचो. पहिल्या दिवशी सगळ्यांच्या आधी जाऊ येऊन बसली होती. तिला उजेड कमी पडेल अशा जागी मी बसवलं. बाकीच्यांच्या पाट्या हातात घेऊन तपासायचे, तिची सगळ्यात शेवटी, उभ्या उभ्या. ती कंटाळून सोडून देईल अशी माझी आशा होती. पण ती ओढ्यावर कपडे धुताना दगडांवर कोळशाने अक्षरं काढायची. चुलीपुढे बसली की राखेत बोटाने काढायची. एके दिवशी धुण्याच्या सगळ्या दगडांवर मला 'वाट', 'काट', 'ताट', 'पाट' लिहिलेलं दिसलं. एकही काना चुकला नव्हता. मी त्यावर पाणी ओतलं.

लावणी उरकल्यावरची दुपार होती. मी विहिरीवरून हंडा घेऊन आले, तर जाऊ ओटीवर वही उघडून बसलेली. बोट ओळीवर ठेवून एकेक अक्षर लावत होती. एकच ओळ तिने दोनदा पुटपुटत वाचली, तिसऱ्यांदा मोठ्याने. "आमचा जीव या धाकट्या वहिनींनी वाचवला."

मी हंडा खाली ठेवला.

"बाय," ती म्हणाली, "ह्यात भाकरीचं काय नाय."

तिने पान उलटलं, बोट फिरवलं, आणखी एक उलटलं. "हितं पण नाय. तू चुकून भलतं वाचलंस, का मुद्दाम?"

जोडाक्षर लागलं नसेल, अक्षर खराब होतं, असं काहीही मी सांगू शकले असते. "मुद्दाम," मी म्हणाले. "मला हेवा वाटायचा तुझा."

तिने वही मिटून ठेवली आणि आत जाऊन सासूला वाढलं. मग तीन दिवस ती माझ्याशी कामापुरतंही बोलली नाही. ती नवऱ्याला सांगेल, सासूला सांगेल, म्हणून मी वाट बघत होते. तिने सांगितलं नाही. चौथ्या दिवशी ऊन कलल्यावर ती माझ्यापुढे येऊन बसली आणि वही माझ्या मांडीवर ठेवली.

"मला सगळी जोडाक्षरं नाय येत अजून. पहिल्यापासून वाच. जसं लिवलंय तसं."

मी वाचलं. एकेक पान, एकही ओळ न गाळता. माझा चहा सुरुवातीच्या दहा-बारा पानांत होता, मग तो कमी कमी होत गेला आणि तिचं सुरू झालं. माझा आवाज बसला, तिने पाणी आणून दिलं आणि पुन्हा समोर बसली. घोरपडीच्या मागाचं आलं तेव्हा ती हसली, तो पोरगा माग बघून कसा घाबरला होता ते तिला आठवलं. सासू सुपात तांदूळ निवडत सगळं ऐकत होती. मी वही मिटल्यावर ती म्हणाली, "एवढं लिवलंय हिच्याबद्दल?" आणि माझ्याकडे बघितलं. तिला काय कळायचं ते कळलं. नंतर तिने तो विषय कधी काढला नाही.

जाऊ उठता उठता म्हणाली, "तू कदी वर आलीच नायस ना."

मी वर गेले, पण पाच-सहा वर्षांनी. तोवर दोन हजार साल उलटलं होतं, गावात फोन आले होते. मंडळी आधी फोन करून तिलाच विचारायची, आणि फोन घेऊन तिचे दिवस, माणसं, जेवण असं सगळं मी लिहून ठेवायचे. साठी गाठलेल्या डोंबिवलीच्या बाई शेवटचा गड करायला आल्या आणि या वेळी तुम्हीही चला म्हणून हटून बसल्या. मला नाही म्हणता आलं नाही.

शिडीच्या मध्यावर माझे हात आखडले. वर बघवेना, खाली बघवेना. खालून जावेने माझी टाच धरली. "समोर दगडाकडं बघ," ती म्हणाली. "दुसरीकडं बघू नको." एवढंच. मी दगडाकडे बघत चढले.

वर वारा होता. खाली तानसा तलावाचं पाणी पसरलेलं. बाई पाण्याच्या टाक्यापाशी सावलीत टेकल्या. जावेने पूर्वेकडच्या धुरकट रांगेकडे हात केला, त्या उंच कड्याच्या डावीकडची खाच म्हणजे नाणेघाट, त्याच्या खाली तिचा पाडा. ती सांगत होती की लहानपणी त्या खाचेतून चालत घाटावरच्या बाजाराला जायची, डोक्यावर करवंदांची पाटी घेऊन. इतकी वर्षं एका घरात राहून मी तिला तिच्या माहेराबद्दल काही विचारलं नव्हतं. मी डोळे बारीक करून बघितलं. मला सगळी रांग सारखीच दिसत होती, तिला त्यातली खाच दिसत होती.

मला तिथेही तिचा हेवा वाटला, आणि या वेळी मी तो तिथल्या तिथे तिला सांगितला.

"बस जरा," ती म्हणाली, "दम खा. उतरायचं अजून."