काकूंचं तारण आणि माझा हशा

गेल्या रविवारी माझ्या एका वाक्यावर पंधरा-वीस अमेरिकन लोक पोट धरून हसले. एरवी मी हे मोठ्या तोऱ्यात लिहिलं असतं... आज खाली मान घालून लिहितेय.

ॲन आर्बरमध्ये आमच्या शेजारच्या अपार्टमेंटमध्ये सुनीता राहते, मूळची नगरची, इथे नर्स आहे. तिची आई रूथकाकू हिवाळ्यापुरती तिच्याकडे आलीये. ही मंडळी ख्रिस्ती. रविवारी चर्च सुटलं की काही जण डग आणि लिंडा या वयस्कर जोडप्याच्या घरी जमतात. सूप, ब्रेड आणि बायबलवर चर्चा.

त्या रविवारी सुनीताला अचानक ड्युटी लागली. काकूंना इंग्रजी फारसं येत नाही, म्हणून तिने मला विचारलं, आईबरोबर जाशील का, जरा भाषांतर करशील का. मी लगेच हो म्हटलं. इथल्या मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात निवेदन मीच करते, माइक हातात आला की सोडत नाही. मला काय अवघड, असं वाटलं.

विषय होता, मेल्यावर देवाच्या शिक्षेतून वाचणार कोण. काही जणांचं म्हणणं, देवाने ते आधीच ठरवलंय, माणसाच्या हातात काही नाही, सगळी त्याची कृपा. डगचं म्हणणं याच्या उलट. देव हात पुढे करतो, पण 'हो' ज्याचं त्याने स्वतः म्हणायचं, नाहीतर कृपा वाया. दोन्ही बाजू गोड बोलत होत्या, पण मागे कोणीच सरकत नव्हतं.

मी काकूंच्या कानात थोडक्यात सांगत होते. खरं सांगायचं तर अर्धं गाळत होते... सूप गार होत होतं.

तेवढ्यात काकूंनी हात वर केला आणि हळू आवाजात मला म्हणाल्या, "विचार ना त्यांना, आमच्या ह्यांचं तारण झालं असेल का?"

आता माझी गंमत ऐका. लग्नाआधी मी सांगलीला एका सहकारी बँकेत कर्ज विभागात होते. तारण म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर दागिने, घराचे कागद आणि सोन्याचा काटा येतो. मी मस्त पॉज घेऊन इंग्रजीत सांगितलं, काकू विचारतायत, त्यांच्या मिस्टरांसाठी देवाकडे काही कोलॅटरल ठेवावं लागतं का?

एकच हशा. कृपेच्या बाजूचे एक आजोबा तर टाळ्या पिटत म्हणाले की हाच तर मुद्दा आहे, काही गहाण ठेवावं लागत नाही, सगळं फुकट. काकूंनी सगळ्यांकडे बघितलं आणि त्याही थोडंसं हसल्या.

आणि नेमका त्याच क्षणी मला 'तारणहार' हा शब्द आठवला.

तारण ठेवतात, तारण 'होत' नाही... काकू त्या शिक्षेतून वाचण्याबद्दल विचारत होत्या, गेलेल्या नवऱ्याबद्दल. मला कळलं होतं. तरी मी गप्प बसले. हशा छान रंगला होता, आणि सगळे माझ्याकडे कौतुकाने बघत होते.

परत येताना गाडीत काकू खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "ते सगळे हसले... म्हणजे नाही ना झालं?"

मी गाडी वळवली.

लिंडा बाऊल धूत होती, डग खुर्च्या आवरत होता. दारातच, बर्फाचे बूट पायात तसेच, मी सांगितलं की मी चुकीचं भाषांतर केलं आणि खरा प्रश्न काय होता. मग काकूंनी बाकीचं सांगितलं, आणि या वेळी मी शब्दाला शब्द भाषांतर केलं. काका पाद्रींशी भांडून चर्चला जायचे बंद झाले होते. शेवटी पक्षाघाताने वाचा गेली. काकू रोज संध्याकाळी त्यांच्या उशाशी बसून प्रार्थना म्हणायच्या, तेव्हा ते त्यांचा हात दाबायचे. तो 'हो' होता की नुसती वेदना, हे त्यांना अजून कळलेलं नाही. 'हो' ज्याचं त्याने म्हणायचं असेल, तर ज्याला बोलताच येत नव्हतं त्या माणसाने काय करायचं?

डग हातातल्या खुर्चीवरच बसला. म्हणाला, "मला माहीत नाही. मघाशी मी फार खात्रीने बोललो."

मला एकदा वाटलं, सांगून टाकावं की काकू, ते 'हो, झालं' म्हणाले. कोणाला कळणार होतं? पण दिवसभरात एक खोटं पुरे होतं. मी सांगितलं, ते म्हणतात त्यांना माहीत नाही.

काकूंनी मान डोलावली. "मलाही नाही," म्हणाल्या. डगने त्यांचा हात हातात घेतला, आणि काकूंनी तो थोडा दाबला.

गाडीत बसल्यावर काकू माझी समजूत घालायला लागल्या, की तुला आमचे शब्द कुठून माहीत असणार, मनाला लावून घेऊ नकोस. तिथेच विषय संपवता आला असता. पण मी सांगितलं की सगळे हसत होते तेव्हाच मला कळलं होतं, तरी मी बोलले नाही. तोंड लपवायला जागा असती तर बरं झालं असतं.

"वाईट केलंस," त्या म्हणाल्या. बस, एवढंच.

त्यांच्या दाराशी आलो. चावी लावताना त्यांनी मागे वळून पाहिलं. "पुढच्या रविवारीही तूच चल. सुनीताला सुट्टी असली तरी."

मी यासाठी काहीही केलेलं नव्हतं. उलट जे केलं होतं ते तुम्ही वाचलंतच. असं फुकट मिळतं त्याला काय म्हणतात, ते त्या दुपारी सगळे इंग्रजीत सांगत होते... आणि मी नीट ऐकत नव्हते.