आईच्या चटणीवरचा सेमिनार

सांगलीला अन्न तंत्रज्ञान शिकत होते, तेव्हा हॉस्टेलवर माझ्या खोलीत माझ्याच वर्गातली साताऱ्याची एक मुलगी होती. मी जत तालुक्यातली. घरी मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन, आणि आई कारळ्याची चटणी करून आठवडी बाजारात विकायची. सुट्टीवरून परतताना चटणीचा डबा माझ्याबरोबर यायचाच. तो माझ्यापेक्षा ही साताऱ्याचीच जास्त संपवायची. भाकरी नसली तर पावाला लावून खायची.

अन्नसुरक्षा कायद्याच्या विषयात मॅडमनी सेमिनार दिला. बाजारातला एखादा पदार्थ घ्या, त्याचं लेबल कायद्याशी ताडून बघा, आणि प्रत्येक विधानाला संदर्भ द्या. कुठल्या तरी ब्लॉगची लिंक चालणार नव्हती. मूळ नियमच हवा होता.

माझ्या या मैत्रिणीला ते जमेना. ग्रंथालयातून तिनं भेसळ प्रतिबंधाचा जुना कायदा आणला. तो केव्हाच रद्द झालेला. मग नेटवर २०११च्या नियमांची पीडीएफ सापडली, तर तीच उतरवून काढायला बसली. शेवटी रडकुंडीला आली.

"अगं, लेबलचे नियम २०२० साली नवीन आलेत," मी म्हटलं. "आपल्या हातातला नियम अजून चालू आहे का, ते आधी बघायचं. मग दुरुस्त्या. संदर्भात नियमाचं पूर्ण नाव, वर्ष, कलमाचा आकडा, आणि सरकारी साइटवर कधी बघितलं ती तारीख."

मला या कामात गोडी होती. ती लांबलचक इंग्रजी वाक्यं फोडून मी तिला मराठीत सांगितली, कलमं शोधून दिली.

"पदार्थ कुठला घेतलास?" मी विचारलं.

"बिस्किटाचा पुडा. सोपा आहे," ती म्हणाली.

त्याआधीच्या सुट्टीत ती आमच्या गावी येऊन गेली होती. आई घराच्या पुढच्या सोप्यात पिशव्या भरत होती. चटणी पातळ पिशवीत घालायची, नाव आणि मोबाईल नंबर छापलेली चिठ्ठी आत सरकवायची, आणि पिशवीचं तोंड मेणबत्तीच्या ज्योतीवर चिकटवायचं. हिनं विचारलं, "काकू, फोटो काढू?"

"माझा कशाला गं काढतीस? चटणीचा काढ," म्हणत आईनं हसून पिशवी दोन्ही हातांत पुढं धरली.

सेमिनारला ती छान बोलत होती. कायदा, नियम, दुरुस्त्या, सगळं मी सांगितलेल्या क्रमानं. मग पडद्यावर 'नियमभंगाचे उदाहरण' असं आलं, आणि खाली फोटो. चेहरा कापलेला. हिरव्या बांगड्या, मनगटावरचं गोंदण, हातात पिशवी. लाल बाण एकेक करून येत गेले. नोंदणी क्रमांक नाही. घटकांची यादी नाही. शाकाहारी चिन्ह नाही. तारीख नाही. प्रत्येक बाणाखाली मी शोधून दिलेलं कलम. फोटोखाली 'छायाचित्र : स्वतः'.

"आणि पॅकिंग चक्क मेणबत्तीवर करतात," ती म्हणाली. वर्ग हसला. तीही हसली.

"संदर्भ फार छान दिलेस," मॅडम म्हणाल्या. "कुणाला काही विचारायचंय?"

मी उभी राहिले. "मॅडम, ते माझ्या आईचे हात आहेत."

मॅडमनी तिच्याकडं बघितलं. "परवानगी घेतली होतीस?"

"हो मॅडम. काकूंनी स्वतःच काढू दिला."

खरंच होतं. तिनं सांगितलेलं एकही वाक्य खोटं नव्हतं, त्यामुळं भांडायलाही काही हाती लागेना. मॅडम म्हणाल्या, फोटो तेवढा काढून टाक. वर्गात सगळ्यांत जास्त गुण तिलाच पडले.

खोलीवर आल्यावर मी विचारलं, "मला का सांगितलं नाहीस?"

"तू नाही म्हणाली असतीस. आणि नाव कुठं घेतलं मी? चेहरासुद्धा कापला."

"माझ्याकडून कलमं घेताना बिस्किट म्हणालीस."

"इतकं काय मनाला लावून घेतेस? अभ्यास आहे हा," ती म्हणाली आणि कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

संध्याकाळी आईचा फोन आला. बोलता बोलता म्हणाली, "तुझ्या मैत्रिणीनं फोटू काढलावता, त्यो धाड म्हणावं की. लय गुणी पोरगी हाय."

"तिचा मोबाईल बिघडलाय," मी म्हटलं.

त्याच आठवड्यात मी रेक्टरबाईंकडं खोली बदलून मागितली. कारण विचारलं, तेव्हा अभ्यासाला शांतता पाहिजे म्हणून सांगितलं. ती नंतर जिन्यात भेटली की आधीसारखीच हसायची, जणू काही झालंच नव्हतं. तिच्या लेखी झालंही नसावं. मला ते हसणं सहन व्हायचं नाही.

दिवाळीत घरी गेल्यावर तालुक्याला जाऊन आईच्या नावानं नोंदणीचा अर्ज भरला, नवं लेबल तयार केलं. आईनं ते उलटंपालटं करून बघितलं.

"व्हय गं, एवढं सगळं लिवायला लागतं? मग आधी का न्हाई सांगितलंस?"

"आत्ताच शिकले," मी म्हटलं.