काकूंची सेटिंग आणि रुसलेला रेग्युलेटर

"थांबा! ते बटण आता दाबू नका!"

मी बांधावरूनच ओरडले. गाडी स्टँडवर लावायचंही भान राहिलं नाही, ती तुरीत आडवी झाली. समोर आंब्याखाली कुसुमकाकू ग्रिलच्या इग्निशनचं बटण टक टक टक दाबत होत्या. वारा लागू नये म्हणून त्यांनी ग्रिलचं झाकण लावून घेतलं होतं. म्हणजे आत गॅस साठतोय, वर झाकण, आणि बाहेरून ठिणगीचा प्रयत्न सुरू.

मी आधी टाकीची चाकी फिरवून गॅस बंद केला. झाकण उघडलं. सगळ्यांना मागे सारलं.

"काकू, हा गॅस हवेपेक्षा जड असतो. वर उडून जात नाही, खाली ट्रेमध्ये बसून राहतो. ठिणगी पडली असती तर भोवया गेल्या असत्या."

"भोवया तं तशाबी कमीच हायेत माह्या," काकू म्हणाल्या. "तू ग्रिल पाह्य."

मी मोताळ्यात गॅसच्या शेगड्या, भट्ट्या आणि गीझर दुरुस्त करते. आयटीआय झाल्यापासून हेच काम. उरलेल्या वेळात धुराविरुद्ध पत्रकं छापते आणि बाजाराच्या दिवशी वाटते. बायकांच्या डोळ्यांत आणि छातीत जाणारा धूर ही काही परंपरा नव्हे, हे मी इतक्या वेळा छापलंय की प्रेसवाले आता मला मजकूर विचारतच नाहीत. म्हणून काकूंच्या सुनेचा, वनिताचा, फोन आला तेव्हा मी हातातला गीझर तसाच सोडून रोहिणखेडच्या रस्त्याला लागले. "ताई, ग्रिल पेटत नाही," ती म्हणाली होती, "अन् पेटलं तर समईएवढं पेटते."

काकूंविषयी सांगायला हवं. आमच्याकडे थंडीत मळ्यामळ्यांत भरताच्या पार्ट्या होतात. भरताची वांगी तुराट्यांवर, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांवर भाजतात. भाजणारा हात चुकला तर आत कच्चं आणि बाहेर कोळसा. काकूंचा हात चुकत नाही. पण मागच्या वर्षी त्यांच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी धुरासमोर बसायला सक्त मनाई केली. तो अख्खा हंगाम काकू घरी बसल्या. त्यांची कामं दगडू आचाऱ्याकडे गेली. या वर्षी वनितानं हट्टानं हे उचलून नेता येणारं गॅसचं ग्रिल आणलं. घरी एक दिवस वापरून झालं होतं, पण बाहेरच्या ऑर्डरला ते पहिल्यांदाच आलं होतं. ऑर्डर युसूफभाईंची. मुलीच्या सासरची मंडळी पहिल्यांदाच मळ्यात जेवायला येणार होती. आज ग्रिलनं दगा दिला असता तर युसूफभाईंनी पुढच्या वेळी थेट दगडूलाच फोन लावला असता, आणि काकूंचं भाजणं कायमचं सुटलं असतं. हे तिथे सगळ्यांना कळत होतं. दगडूला तर जास्तच.

कारण दगडू तिथेच होता. भाकरी आणि ठेच्याचं काम त्याच्याकडे होतं, पण येताना त्यानं मोटरसायकलला तुराट्यांचा भारा बांधून आणला होता.

"काकू, पेटवू का मंग? माचिस हाये माह्या खिशात."

"तुह्या खिशातच राहू दे. तिथंच पेटव."

मी कामाला लागले. गॅसच्या कामात पहिला प्रश्न नेहमी साधा असतो: गॅस येतोय का? टाकी हलवून पाहिली, जड. पाइपला आणि जोडांना साबणाचा फेस लावला. कुठेच बुडबुडे नाहीत, म्हणजे गळती नाही. ग्रिलवर इंग्रजीत 'प्रोपेन' लिहिलेलं होतं, ते वाचून वनिता घाबरली होती.

"ताई, आपल्या टाकीत तं दुसराच गॅस असतो ना? म्हणून तं नाही?"

"आपल्या टाकीत प्रोपेन आणि ब्युटेन दोघे भाऊ एकत्र असतात. हे ग्रिल दोघांवर चालतं, खाली लिहिलंय. भांडण तिथलं नाही."

मग काडी लावून बर्नर पेटवले. तीन बर्नर. तिन्हींवर निळी ज्योत, बोटाच्या पेराएवढी. यावर वांगं भाजायचं म्हणजे पाहुण्यांना मुक्कामालाच ठेवावं लागलं असतं. शिवाय कडेचा बर्नर बाकीच्या दोघांपेक्षाही मंद होता. तो सोडवला, नळी उन्हाकडे धरली तर आत अंधार. तारेनं टोकरलं तर मातीचा गोळा बाहेर पडला. कुंभारीण माशीनं नळीत घर बांधलं होतं.

"हे पाहा चोर!" मी सगळ्यांना दाखवलं. जरा जास्तच ऐटीत दाखवलं.

नळी साफ करून बर्नर बसवला. परत पेटवलं. आता तिन्ही बर्नर सारखे पेटले. सारखेच मंद.

दगडूनं तुराट्यांच्या भाऱ्याची दोरी सोडली.

युसूफभाई तोवर दोनदा येऊन गेले होते. सभ्य माणूस, आवाज चढवत नाही, पण हातातला रुमाल पिळून पिळून त्याची वात झाली होती. "ताई, पाहुणे निघाले म्हणते घरून. मले काकूच्याच हातचं भरीत पाह्यजे, पण पाहुण्यायले उपाशी कसं ठेवू? तुम्हीच सांगा."

"थोडा वेळ द्या, भाई."

"देतो. पण थोडाच हाय माह्यापाशी."

मी ज्या दुकानातून ग्रिल आलं होतं तिथे फोन लावला. दुकान दूरच्या शहरातलं.

"मॅडम, आमचा पीस चेक होऊनच जातो. कस्टमरला हँडलिंग जमत नसेल."

"हँडलिंग शिकवलं कोणी?"

"बॉक्समध्ये मॅन्युअल असतं ना."

"इंग्रजीत असतं."

"मग कोणाकडून वाचून घ्यायचं, मॅडम."

हे उत्तर ऐकून माझ्या डोक्यात सणक गेली. वस्तू विकताना यांचा माणूस अस्खलित मराठी बोलतो, फोनवर 'ताई' म्हणतो, हप्ते समजावून सांगतो. वस्तू चालवायची कशी हे सांगायची वेळ आली की मात्र यांची मराठी संपते! आग पेटवणारं यंत्र तुम्ही घराघरांत पाठवता आणि वापरायची रीत गिऱ्हाइकानं शेजाऱ्याकडून वाचून घ्यायची? हे सगळं मी त्याला ऐकवलं. त्यानं फोन ठेवला.

"झालं भांडून?" काकू म्हणाल्या. "आता पेटव."

त्या बोलण्यानं माझं डोकं जागेवर आलं. मी पाना खाली ठेवला. इतका वेळ मी यंत्रच पाहत होते, ते चालवणाऱ्या हाताकडे पाहिलंच नव्हतं.

"काकू, मी बाजूला होते. तुम्ही आज पेटवत होता तसं पहिल्यापासून करून दाखवा. काही बदलू नका."

काकूंनी पदर खोचला. थेट टाकीपाशी गेल्या आणि चाकी एका झटक्यात पूर्ण उघडली. रेग्युलेटरमधून बारीकसा आवाज आला. टिक्.

"थांबा." मी चाकी परत बंद केली. "ग्रिलची बटणं?"

"ते तं चालूच असतात."

"म्हणजे?"

"सेटिंग हाये ती. हे पाह्य." काकूंनी बटणांकडे बोट केलं. तिन्ही बटणांच्या कडेला लाल नेलपॉलिशची खूण होती, आणि बटणं त्या खुणेवर उघडीच होती. "वांग्याले किती आच लागते ते मोठ्या मेहनतीनं जमवलं म्या. मंग पुन्हा पुन्हा कायले हलवू? टाकीवरून बंद, टाकीवरून चालू. वनिताले तं मी बोट लावू देत नाही."

"माह्यीच नेलपॉलिश, अन् मलेच बोट लावू देत नाहीत," वनिता म्हणाली.

मी हसत सुटले. दगडूला वाटलं मला ऊन लागलं.

बिघाड सापडला होता. खरं तर बिघाड नव्हताच. या ग्रिलसोबत आलेल्या रेग्युलेटरमध्ये एक सुरक्षेची सोय असते. गॅस अचानक जोरात धावला तर त्याला वाटतं, पाइप कुठेतरी फुटला किंवा निसटला. मग तो वाट जवळजवळ बंद करतो आणि अगदी थोडा गॅस सोडतो. बटणं आधीच उघडी आणि टाकी एका झटक्यात उघडली, की गॅसचा लोंढा सुटतो आणि रेग्युलेटर घाबरतो. घाईत मीही दोन्ही वेळा बटणांकडे न पाहता टाकी तशीच झटक्यात उघडली होती. घरी पहिल्यांदा पेटवलं तेव्हा बटणं बंद होती, म्हणून ज्योत चांगली आली. सेटिंग जमली, बटणं खुणेवरच उघडी राहिली आणि आज ग्रिल रुसलं.

"म्हंजे माह्यी सेटिंगच वाईट?" काकूंचा चेहरा पडला.

"सेटिंग उत्तम आहे. फक्त तिथे पोचायची वाट बदलायची. आधी तिन्ही बटणं बंद. टाकी बंद. जरा थांबायचं, म्हणजे रेग्युलेटरची भीती जाते. मग टाकीची चाकी हळूहळू उघडायची, तापलेल्या दुधावरचं झाकण उचलतो तशी. ग्रिलचं झाकण उघडं ठेवून एक बर्नर पेटवायचा, मग बाकीचे. आणि मग बटणं तुमच्या लाल खुणेवर."

"खूण पुसायची नाही?"

"मुळीच नाही."

काकूंनी स्वतः केलं. चाकी इतकी हळू फिरवली की युसूफभाईंनी श्वास रोखून धरला. मी काडी लावली. भस्सकन ज्योत वर आली, तीन रांगा, निळ्या आणि ताठ.

"या अल्ला!" युसूफभाई म्हणाले आणि रुमाल खिशात गेला.

पण काम अर्धंच झालं होतं. इग्निशनचं बटण अजून नुसतं टकटकत होतं, आणि दर वेळी काडी लावायला मी काही काकूंसोबत हिंडणार नव्हते. ग्रिल बंद केलं, निवू दिलं आणि वाकून पाहिलं. बर्नरशेजारी पांढऱ्या चिनी मातीची कांडी असते. तिच्यातल्या तारेच्या टोकावरून ठिणगी बर्नरवर उडी मारते. ती कांडी काळी चिकट झाली होती. भाजायच्या आधी काकू वांग्याला तेलाचा हात लावतात. ते तेल आणि वांग्याचं पाणी नेमकं कांडीवर ठिबकून जळलं होतं. ठिणगी त्या काजळीवरून परस्पर पत्र्यात पळत होती. वर वाकलेलं टोकही बर्नरपासून लांब गेलं होतं. कांडी पुसून कोरडी केली, टोक ज्वारीच्या दाण्याएवढ्या फटीवर आणलं.

"दाबा काकू."

टक्. एकाच टकमध्ये पेटलं.

त्यानंतर माझं तिथे काम नव्हतं. काकू उभ्या राहून वांगी फिरवत होत्या, डोळ्यांना पदर न लावता. सालं तडकू लागली, वास बांधापर्यंत गेला. पाहुण्यांची गाडी आली तेव्हा पहिली खेप सोलायला आली होती, आणि सोलायला दगडू बसला होता.

"काकू, तुराटीची चव नाही येणार पण," तो वांग्याचं देठ धरून म्हणाला.

"हाव, नाही येणार," काकू म्हणाल्या. "तुराटीची चव माह्या डोळ्यायनं लय खाल्ली. आता पोट भरलं."

युसूफभाईंच्या व्याह्यांनी भरीत दोनदा मागून घेतलं आणि भाजलं कोणी म्हणून विचारलं. युसूफभाईंनी काकूंना पुढे बोलावलं. काकू चिमटा हातात घेऊनच आल्या. पुढच्या भरताचा दिवस तिथेच ठरला, व्याह्यांच्या मळ्यात. भाजायला काकू, भाकरीला दगडू.

मी घरी जाऊन नवं पत्रक लिहायला बसले. या वेळी त्यात निषेध कमी आहे आणि टाकीची चाकी हळू उघडायची रीत जास्त आहे. धडा एवढाच, आणि तो विकणाऱ्यांसाठी आहे: सुरक्षेची सोय का रुसते हे वापरणाऱ्याला त्याच्या भाषेत सांगा. नाही सांगितलं तर तुमचं यंत्र कोपऱ्यात अगदी सुरक्षित राहतं, आणि बाई परत धुरापाशी जाऊन बसते.