आष्टीतले खोकले

तापाचे किस्से होत नाहीत. ताप आला, गोळी दिली, उतरला. खोकल्याचं तसं नाही! सत्तर-ऐंशीच्या दशकांत आष्टीत माझा दवाखाना होता. तिथल्या खोकल्यांनी मला इतकं दिलंय की मित्र जमले की अजूनही एकेक निघतोच.

*

खोकल्याचं औषध निवडायचं तर पहिला प्रश्न ठरलेला, "कोरडा की कफाचा?" एक शेतकरी विचारात पडला.

"मले काय मालूम जी? रात्री मी झोपून राह्यतो. बायकोले इचारा, तिची झोप मोडते!"

*

तेव्हा मिक्श्चर आमचा कंपाउंडर बनवायचा, बाटली पेशंटनं घरून आणायची. बाजाराच्या दिवशी एकाला तीन दिवसांचं भरून दिलं. गड्यानं एसटी स्टँडवर सगळं एकदम पिऊन टाकलं!

"येष्टी लई हालते, सांडलं असतं."

मी घाबरलो. त्याला संध्याकाळपर्यंत नजरेसमोर बसवून ठेवलं. शेवटी विचारलं, "आता कसं वाटतं?"

"खोकला गेला साहेब. येष्टीबी गेली!"

*

एका बाईची छाती तपासली. एकदम साफ! म्हटलं, "तुम्हाला खोकलाच नाही."

"मले नाईच. घरच्यायले हाय. ते कापसाची गाडी घेऊन गेलते, म्हून मी आली."

*

महादेवराव म्हणून एक म्हातारे शेतकरी होते. कोरडा खोकला, पण आवाज असा की ते गल्लीच्या टोकाला खोकले की घरात दोन्ही सुना डोक्यावर पदर घेऊन उभ्या राहायच्या. नीट तपासून एक सिरप निवडलं. आठवड्यात खोकला बंद! त्यांनी संत्र्यांची टोपली पाठवली. मी फुशारलो, खोटं कशाला सांगू?

पुढच्या बाजाराला दोन्ही सुना दवाखान्यात हजर. धाकटी नवी नवरी, रडून डोळे सुजलेले.

थोरली म्हणाली, "मामाजीले कोनतं औषध देल्लं जी?"

"काऊन? गुण नाही आला?"

"आला ना! परवा आमी दोघी पदर टाकून, खाटेवर बसून रेडिओ आयकून राह्यलो होतो. मामाजी कवा मांगं येऊन उभे राह्यले, समजलंच नाई. तसेच भाईर निंगून गेले. पन तवापासून हिच्या पोटात अन्न नाई."

मला त्या पोरीचं फार वाईट वाटलं. पण बऱ्या झालेल्या माणसाला डॉक्टरनं करायचं काय? तसं म्हणालोही.

यावर धाकटीच बोलली, खाली मान घालून.

"सगळा घालवू नोका जी. आंगनापुरता तरी राहू द्या!"