गुरुवारचा ताप

हेडसरांची आठवण सांगतो म्हटलं की तुम्ही आधीच तळहात चोळायला लागला असाल. आता छडी येणार, मग डोळ्यांत पाणी, शेवटी 'सर, तुमच्यामुळंच मी घडलो'. थांबा जरा. मी अजून घडलोबिडलो नाय. आणि आमच्या हेडसरांकडं छडी नव्हतीच. तिथंच तर मला डाऊट आला. छडीवाला माणूस कळतो. हसणारा कळत नाय.

सातवीत होतो, सिन्नरला. नवे हेडसर रोज सकाळी गेटवर उभे. "काय रे, आजीचा गुडघा कसाय?" आता ह्यांना आजीचा गुडघा कोणी सांगितला? मधल्या सुट्टीत आमच्यात मांडी घालून बसायचे, माझ्या डब्यातली शेवभाजी चाखायचे. मी पोरांना म्हणालो, "हा माणूस माहिती गोळा करतोय. बघा, पालकसभेत सगळं काढणार."

त्यात माझा आवाज फुटला. दर गुरुवारी परिपाठाला माईकवर बोधकथा सांगायची पाळी माझी. एका गुरुवारी माझा राजा असा किंचाळला की मुलींच्या रांगा दोन मिनिटं हलत होत्या. परत त्या माईकसमोर? मेलो तरी नाय. पुढच्या गुरुवारपासून मला ताप यायला लागला.

ताप आणणं सोपं होतं. पप्पा अंबडला कंपनीत. आत मोबाईल चालत नाय, म्हणून तो घरीच ठेवून जायचे. आई अंगणवाडीत. आणि नकला करण्यात मी पटाईत. फुटका आवाज जरा खाली दाबून धरला की हुबेहूब पप्पा निघायचे. शाळेत क्लार्कला फोन लावायचा, "पोराला लय ताप हाय, आज नाय येणार." तो म्हणायचा, "बरं." दोन गुरुवार मस्त गेले.

तिसऱ्या गुरुवारी फोन शाळेतूनच आला. जो पोरगा आला नाय, त्याच्या घरी अकराच्या आत स्वतः फोन करायचा, अशी हेडसरांनी नवीनच पद्धत काढली होती.

"नमस्कार. पोरगा कसाय?"

"लय ताप हाय, सर."

"गुरुवारचाच येतो का हो?"

"वातावरण, सर. वातावरणच लय खराब हाय."

मी फोन कानापासून जरा लांब धरला.

"त्याला सांगा," सर म्हणाले, "सातवीत माझापण आवाज फुटला होता. दिवाळीपर्यंत मी वर्गात नुसती मान हलवायचो. पुढच्या गुरुवारी कोल्ह्याची आन् म्हातारीची गोष्ट सांग म्हणावं, सगळ्यांचे आवाज काढून. म्हातारीला फुटका आवाजच शोभतो."

"सांगतो, सर."

"आणि काळजी घ्या. तुमचापण घसा बसलाय."

ओळखलं का नाय? दुसऱ्या दिवशी गेटवर फक्त "उतरला का ताप?" ऑफिसात बोलावणं नाय, काय नाय. आठवडाभर मी गेटवर त्यांची नजर चुकवून आत सटकायचो.

गुरुवारी गेलो. म्हातारी बोलताना आवाज फाटला, मुली हसल्या, पण आता हसायचीच जागा होती ती. कोल्ह्याला तर टाळ्या. मी माईक सोडेचना, शेवटी पीटीच्या सरांनी हातातून काढून घेतला. हेडसर मागं उभे राहून सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होते. मला वाटलं, सापळा आहे हा.

रविवारी ते आमच्या घरी. चहा घेता घेता पप्पांना म्हणाले, "पोरानं कमाल केली. बरं झालं, आपलं फोनवर बोलणं झालं."

"आपलं? कधी?"

सर शांतपणे उठले, चपला घातल्या. "मारू नका. रागवा हवं तर."

ते फाटकाबाहेर गेले, पप्पांनी माझ्याकडून सगळं वदवून घेतलं आणि सुरू झाले.

"मी सायबापुढं कधी असा रडत बोलतो का रे? लय ताप हाय म्हणे! माईकवर जायला भ्यायला, अन् बाप व्हायला नाय भ्यायला? लाज वाटत व्हती तर मला सांगायचं ना, मी काय मेलो व्हतो? त्या परक्या माणसाला कळतं, अन् मला घरात राहून कळू नाय? उद्यापासून मोबाईल कंपनीच्या गेटवर ठेवीन, पण तुझ्याजवळ नाय. हसतो काय! कान पकड आधी. अन् आवाज तुझा काढ, माझा नको!"